बारा काजवे आणि नेफ्यातले पिक्सल: लाईटवाल्या ड्रेसचं एक प्रकरण

प्रकरण असं आहे. पुण्यात माझ्या मामीचं ड्रेपरीचं दुकान आहे, म्हणजे शाळांची गॅदरिंग, नाटकं, फॅन्सी ड्रेस यांना कपडे भाड्याने, मावळ्यापासून टोमॅटोपर्यंत काय म्हणाल ते. डिसेंबरात एका शाळेची ऑर्डर आली, तिसरीच्या १२ मुलांचा काजव्यांचा डान्स, प्रत्येकाच्या पोटाला लुकलुकणारा लाईट पाहिजे, आणि स्टेजच्या मधोमध एक मोठा फरचा काजवा, साधारण मुलांच्याच उंचीचा. कपडे मामीने शिवले, लाईटचं काम एका डेकोरेशनवाल्याला दिलं, त्याने टेबलावर सगळे ड्रेस पेटवून दाखवले, झकास दिसले, तो पैसे घेऊन गेला. पहिल्या रिहर्सलला गाणं संपेपर्यंत ५ ड्रेस चालू राहिले, बाकीचे कुणी अर्धे कुणी पूर्ण गप, आणि एक तर चक्क केशरी पेटत होता. मग मामीचा फोन. "अगं, तू ते लाईटचं काहीतरी करत असतेस ना, ये जरा, माझं डोकं फिरायची पाळी आलीय."

माझी नोकरी सॉफ्टवेअरची, हे सगळं नाद म्हणून, त्यामुळे ओळखीतलं कुणीही असा ड्रेस करायला निघालं की पहिलं मला म्हणतं कोड पाठव. कोड पाठवते की, जेमतेम ४० ओळींचा आहे. पण या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कमी त्रास दिला तो कोडनेच. ड्रेस बंद पाडले कापडाने, आणि मार्ग काढला तो पण कापड कळणाऱ्या बाईने.

आधी ड्रेसच्या आत काय होतं ते सांगते. सॅटिनच्या पोटाला आतून डब्ल्यूएस२८१२बी एलईडीची पट्टी, मीटरला ६० वाली, ८-८ चे दोन तुकडे, म्हणजे ड्रेसला १६ एलईडी, ग्लू गनने थेट सॅटिनला चिकटवलेले. एक नॅनो क्लोन, म्हणजे कोड टाकून लाईट चालवता येतात त्या छोट्या अर्डुइनो नॅनो बोर्डाची स्वस्त नक्कल, पाठीच्या खिशात छोटी पॉवर बँक, पट्टीचा प्लस सरळ नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनवर. ज्यांनी हे एलईडी वापरले नाहीत त्यांच्यासाठी, यात प्रत्येक दाण्याच्या पोटात स्वतःची चिप असते आणि सगळ्यांना मिळून डेटाची एकच वायर. पहिला दाणा स्वतःच्या रंगाचे २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढच्याला ढकलतो, तो त्याच्या पुढच्याला. त्यामुळे मध्ये कुठे एक सांधा तुटला की तिथून पुढचे सगळे आंधळे. म्हणूनच काही ड्रेस "अर्धे" पेटत होते.

मामीने एक ड्रेस पुतळ्यावर चढवला, चालू केला आणि मी काही बोलायच्या आत अंगठ्याने पट्टी दाबत दाबत पुढे गेली. आठव्या दाण्यापाशी, जिथे पहिली पट्टी संपून वायरने दुसरीला जोडलं होतं, तिथे दाबलं की खालची रांग पेटायची, सोडलं की विझायची. उलटं करून बघितलं तर सोल्डरच्या टाक्यावर ग्लू गनचा मोठा कडक गोळा, आणि वायर तुटलेली त्या गोळ्याच्या बरोबर कडेला, आवरण शाबूत पण आतली तार गेलेली. ही पट्टी म्हणजे पातळ प्लॅस्टिकवर तांब्याचा थर, ती वरखाली वाकते, आडवी वाकत नाही आणि पिळलेलं तर तिला अजिबात चालत नाही. आणि आठ वर्षांचं पोर नाचताना पोटात वाकतं, वळतं, उड्या मारतं, मध्येच खाली बसतं. सॅटिन त्याच्याबरोबर सरकतं, पट्टी सरकत नाही, सगळी ओढ येते त्या एका टाक्यावर, आणि गोंदाचा गोळा जितका कडक तितकी तार त्याच्या काठावर लवकर तुटते. मामी एवढंच म्हणाली, "याला माया कुठे ठेवलीय?" शिवणीला माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवल्याशिवाय तिने जन्मात काही शिवलेलं नाही, तिला ते बघूनच कसंतरी झालं.

दुसरा आजार वेगळाच होता. तीन ड्रेस असे होते की वायर सगळ्या ठणठणीत, मल्टीमीटर बीप देतोय, तरी थोड्या वेळाने बंद. पॉवर बँकेचं बटण दाबलं की परत चालू. इथे कारण काजवा हाच. काजवा बहुतेक वेळ विझलेला असतो, क्षणभर पेटतो. विझलेल्या अवस्थेत १६ दाणे मिळून फार तर १६ मिलिअँप खातात, नॅनोचे वीसेक धरा, आणि बऱ्याच पॉवर बँकांना एवढा कमी करंट दिसला की वाटतं फोन चार्ज झाला, काढून ठेवला, आणि त्या अर्ध्या-एक मिनिटात झोपतात. टेबलावर दाखवताना त्या माणसाने इंद्रधनुष्य लावलं होतं, सतत पेटलेलं, त्यामुळे तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं.

केशरीवाल्याचं अगदी किरकोळ निघालं. या दाण्यांना रंग लाल-हिरवा-निळा या क्रमाने नाही तर हिरवा-लाल-निळा असे लागतात, आणि त्या एका ड्रेसची पट्टी वेगळ्या लॉटची, उलट क्रमवाली. त्यामुळे पिवळट हिरव्याचा केशरी झाला. कोडमध्ये एका शब्दाचा बदल.

आणि एक गोष्ट जी अजून बिघडली नव्हती पण बिघडणार होती. गाण्याच्या शेवटी सगळे दाणे फुल पांढरे करायचा प्रोग्राम होता. फुल पांढऱ्याला एक दाणा ६० मिलिअँपपर्यंत खातो, १६ दाण्यांचे झाले ९६० मिलिअँप, आणि हे सगळं नॅनोच्या यूएसबीमागच्या चिमुकल्या डायोडमधून जाणार. तो यासाठी नसतोच. नॅनो वेगळा आणि एलईडीचा करंट वेगळा, बॅटरीपासूनच दोन फाटे, एवढं जरी पाळलं तरी अर्धी भांडणं मिटतात.

आता पुढे काय. माझ्या डोक्यात होतं की पट्टीचा एकेक दाणा कापायचा आणि मध्ये मऊ सिलिकॉन वायर घालायची. बारा ड्रेस गुणिले १६ दाणे गुणिले ६ टाके, एक हजार १५२ सोल्डर, आणि गॅदरिंग डोक्यावर. मामा शेजारी बसून हे ऐकत होता, तो म्हणाला गणपतीच्या डेकोरेशनला ते मण्यांसारखे लाईट असतात ते का नाही घेत. बरोबर होतं त्याचं. पिक्सल लाईट, मंडळांच्या बोर्डावर भोकात बसवतात ते, १२ मिलिमीटरचे, ५० ची माळ, प्रत्येक दाणा फॅक्टरीतूनच सीलबंद आणि दोन दाण्यांच्या मध्ये मऊ वायर. तपकीर गल्लीत मिळाले, फक्त ५ व्होल्टवालेच मागून घ्यावे लागतात कारण १२ वाले दिसायला तसेच असतात आणि दुकानदार घाईत हाताला येईल ते देतो. एका माळेत तीन ड्रेस बसतात, ४ माळांत काम झालं आणि वर ८ दाणे उरले, ते सुटे म्हणून ठेवले. यांना रंगाचा क्रम सहसा साधा लाल-हिरवा-निळाच असतो, म्हणजे तो एक शब्द आता सगळ्यांच्याच कोडमध्ये बदलला.

आणि मग मामीने जे केलं ते मला इंटरनेटवर कुठेच दिसलं नव्हतं. तिने दाणे ड्रेसला शिवलेच नाहीत. दोन बोटं रुंदीची कॉटनची पट्टी घेतली, त्यावर एकेक दाणा दोऱ्याने बांधला, दोन दाण्यांमधली वायर ताणलेली नाही तर थोडी सैल, छोटा झोळ ठेवून. झोळाच्या दोन्ही टोकांना टाका, मध्ये मोकळी. पोटाच्या अस्तराला नेटचे चार आडवे नेफे शिवले आणि ही पट्टी सेफ्टीपिन लावून परकराच्या नाडीसारखी त्यात ओवून घेतली, एका नेफ्यातून बाहेर, वळून दुसऱ्यात. आता पोरगं वाकलं की पट्टी नेफ्यात सरकते, ओढ पट्टीच्या सुतावर येते, वायरला कळत पण नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे डान्स झाला की अख्खी माळ ओढून काढायची आणि ड्रेस धुवायला टाकायचा. ड्रेपरीवाल्याला ड्रेस धुता येत नसेल तर त्या ड्रेसचा उपयोग एकदाच, मग तो कितीही लुकलुको.

पॉवर बँका काढूनच टाकल्या. मला तसंही लहान मुलांच्या पाठीला घाम, उड्या, आपटाआपटी आणि कुठल्यातरी अनोळखी ब्रँडचा लिथियम हे एकत्र नको होतं. त्याऐवजी ३ डबल ए अल्कलाईन, स्विचवाल्या डब्यात, ४.५ व्होल्ट. चार घालायचे नाहीत, नव्या सेलचे ६ व्होल्टच्या वर जातात आणि हे दाणे ५ व्होल्टचे. पुरतील का? हिशोब असा की पिवळट हिरवा म्हणजे हिरवा पूर्ण, लाल निम्म्याच्या जरा खाली, निळा शून्य, म्हणजे दाण्याला तीसेक मिलिअँप, ब्राईटनेस २५५ पैकी ८० वर बांधलेला, तर १६ दाणे सतत पेटले तरी १५० च्या आसपास, नॅनो आणि बाकीचे धरून पावणेदोनशे-एकशेनव्वद. डबल ए अल्कलाईनमध्ये साधारण २,००० मिलिअँप-तास असतात. दहा तास. गाणं चार मिनिटांचं. आणि सेलना "फोन चार्ज झाला" असलं काही वाटत नाही. फक्त एक पाळायचं, सेल लावलेले असताना नॅनोला लॅपटॉपची यूएसबी जोडायची नाही, प्रोग्राम टाकताना डबा काढून ठेवायचा.

डब्याला पाठीमागे कमरेवर वेल्क्रोचा खिसा, अस्तराच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला लागत नाही. वायर बाहेर येते त्या भोकाला मामीने काजाचा टाका घातला, नाहीतर सॅटिन उसवतं. आणि एकच जेएसटी कनेक्टर, म्हणजे खुपसून जोडायचा छोटा प्लॅस्टिकचा जोड, मुद्दाम असा की जास्त ओढ आली तर तो सुटावा, वायर तुटू नये.

प्रकाशाचं थोडं. नेट आणि सॅटिनच्या मागे नुसते दाणे ठेवले तर ठिपके ठिपके दिसतात, १६ टाचण्या टोचल्यासारखे. काजव्याचं पोट असं नसतं. मध्ये गोधडीत घालतात तसल्या पॉलिस्टर शीटचे दोन थर घातले, दाणा आणि सॅटिन यांच्यात दोनेक सेंटिमीटरचं अंतर पडलं आणि एकदम एकसंध मऊ उजेड आला. जाडी वाढवण्यापेक्षा अंतर वाढवलं की जास्त फरक पडतो, हे शिवणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

लुकलुकणं. मे अखेर ते जून, पाऊस धरायच्या आधी भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे ज्यांनी काजव्यांचं झाड बघितलंय त्यांना माहितीये की ते सिरीयलच्या माळेसारखं टकटक नसतं, चटकन चढतं आणि सावकाश उतरतं आणि कधीकधी अख्ख्या झाडावरून एक लाट जाते. डान्सच्या बाईंना तेच पाहिजे होतं, आधी सगळे आपापले, शेवटी सगळे एकत्र. आपापले सोपंय, प्रत्येक नॅनोला वेगळा वेळ, पेटण्याला थोडा, विझण्याला त्याच्या तिप्पट-चौपट. डोळ्याला उजेड सरळ रेषेत कळत नाही, निम्मा आकडा दिला तरी जवळजवळ पूर्ण वाटतो, म्हणून उतार वर्गाने द्यायचा, म्हणजे आकड्याला त्याच्याच आकड्याने गुणून २५५ ने भागायचं. आणि शेवटी शून्यावर नेलं की पायऱ्या दिसतात, तीन, दोन, एक, टप्प. त्यामुळे तळाला अगदी मंद निखारा कायम ठेवला, दिसायला पण छान.

एकत्र पेटणं अवघड. स्वस्त नॅनोवर घड्याळाला क्वार्ट्झ नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, अर्धा टक्का इकडेतिकडे धरला तर चार मिनिटांत दोन ड्रेसमध्ये सेकंदाहून जास्त फरक पडू शकतो, एकदम स्विच दाबून काही होणार नाही. नॅनोऐवजी ईएसपी हा वायरलेस बोर्ड घालता आला असता, त्याच्या ईएसपी-नाऊ या सोयीने बोर्ड एकमेकांना निरोप देतात, पण १२ बोर्ड बदला, करंट वाढला, सेलचा हिशोब गेला. मी म्हटलं ताल मुलांच्या अंगात आहेच, बटणच त्यांच्या हातात देऊ. अंगठ्याला आणि मधल्या बोटाला एकेक धातूचं टिचबटण, चुटकी जुळली की पेट. हातमोज्यापासून कमरेपर्यंत स्टीलचा कंडक्टिव्ह दोरा, साध्या धावदोऱ्याने. हा दोरा लोक फार वाईट वापरतात. लिआ बुचली यांचं लिलिपॅड, कापडावर शिवायचा बोर्ड, २००७ मध्ये बाजारात आलं तेव्हापासून शिवून सर्किट करायची कल्पना सगळीकडे पसरली, पुढे ॲडाफ्रूट कंपनीने तसाच फ्लोरा काढला, भोकं असलेले गोल सुंदर बोर्ड, आणि फोटो बघून वाटतं सगळं दोऱ्यानेच होतं. पण दोऱ्याला रेझिस्टन्स आहे. नुसते १० ओहम धरा, १५० मिलिअँप गेला की दीड व्होल्ट तिथेच गायब, ४.५ चे झाले ३. सिग्नलला मात्र काही फरक पडत नाही, तिथे करंटच नगण्य. म्हणून दोरा फक्त चुटकीला, पॉवरला वायर. घामाने भिजलेलं कापड दोन दोऱ्यांच्या मध्ये आलं तर ड्रेसला चुटकीचा भास होऊ शकतो, त्यासाठी नॅनोच्या आतल्या पुलअपवर (चुटकी नसताना पिन "बंद" धरून ठेवणारा रेझिस्टर) न राहता बाहेरून ४.७ किलोओहमचा जास्त जोराचा लावला आणि दोन्ही दोरे बाहीच्या दोन बाजूंनी नेले.

मोठ्या काजव्यात डेकोरेशनवाल्याच्या काढलेल्या पट्ट्याच वापरल्या, तो एका जागी बसणार, वाकणार नाही, त्याला पट्टी चालते. अडचण दुसरीच. त्याने आधी पट्टी फरच्या मागे बाहेर तोंड करून चिकटवली होती आणि वरून रिक्रॉन, म्हणजे उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस, ठासून भरला होता. गडद फरची मागची विण उजेड जवळजवळ पूर्ण खाते, बाहेर काहीच येत नव्हतं, म्हणून ब्राईटनेस फुल, आणि एका दाण्याला ०.३ वॅटपर्यंत जातात, असे ३० म्हणजे ९ वॅट, रिक्रॉनच्या गादीत कोंडलेले. हात घातला तर आत चांगलंच गरम होतं. मामीने पोटाचा भाग उसवून तिथे आखूड लवेचा क्रीम रंगाचा फर लावला, पट्ट्या थर्माकोलऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या तुकड्यावर घेतल्या आणि दाण्यांचं तोंड आतल्या बाजूला, पाठीकडे, तिथे पांढरं कापड. उजेड पाठीवर आपटून रिक्रॉनमधून गाळून पोटाकडे येतो, कुठेही ठिपका नाही. ब्राईटनेस पाव केला तरी आधीपेक्षा जास्त उजळ दिसत होता. याला पॉवर बँक न लावता विंगेतून ५ व्होल्टचा चार्जर वायर ओढून दिला, आणि तळाला चेन ठेवली, कारण उद्या काही बिघडलं तर पोट परत उसवायची मामीची तयारी नव्हती.

गॅदरिंगच्या दिवशी लाईटवाल्याने स्टेज पूर्ण पिवळं ठेवलेलं, त्यात काजवे दिसेचनात. बाईंनी विंगेतून हात हलवून त्याला निळ्यावर आणलं, तोही अगदी कमी, मग दिसले. बाराही पेटले. एकाचं कनेक्टर दुसऱ्या कडव्यात सुटलं, बाईंनी त्याला विंगेत ओढून परत लावून पाठवलं, चार-पाच सेकंद. चुटकीचा भाग मात्र आम्हाला वाटलं तसा झालाच नाही, पोरांना ते बटण एवढं आवडलं की शेवटच्या कडव्याची वाट कुणी बघितली नाही, सुरुवातीपासूनच चुटक्या, आणि शेवटी तर बोटं दाबूनच ठेवली सगळ्यांनी. लाट वगैरे काही नाही, सगळे सतत पेटलेले. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. ज्या पालकांनी मोबाईलवर शूट केलं त्यांच्यापैकी एकदोघांच्या व्हिडिओत मोठ्या काजव्यावर काळे पट्टे फिरताना दिसले, ते या एलईडीच्या आतल्या चालू-बंद होण्यामुळे, जुन्या २८१२बी ला तो वेग ४०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि कॅमेऱ्याच्या शटरशी जुळत नाही. डोळ्याला दिसत नाही, त्याला इलाज म्हणजे नवा एलईडी नाहीतर मोबाईल खाली ठेवा.

आता त्या १२ माळा दुकानात खुंटीला टांगलेल्या असतात, ड्रेसपासून वेगळ्या. मामीने लगेच जेलीफिशच्या छत्र्यांना आणि एका मोराच्या पिसाऱ्याला त्याच मापाचे नेफे शिवून घेतले, माळ तीच, फक्त नॅनोत रंग बदलायचा. डब्यातले सेल परत आले की पहिल्यांदा काढायचे असा दुकानात दम आहे, एका डब्यात सेल पाझरून स्प्रिंग हिरवी झालीच होती. भाड्याच्या पावतीवर तिने आता छापून घेतलंय, "सेल गिऱ्हाइकाने आणायचे, ३ डबल ए, अल्कलाईनच." तरी फेब्रुवारीत एका शाळेने घड्याळाचे साधे सेल घातले, ते एवढ्या करंटला बसतात, आणि तिसऱ्या गाण्याला जेलीफिश मंद पडल्या म्हणून फोन आला. मामीने पावतीचा फोटो पाठवला.